ठासणीच्या बंदुकीत दारू किती घालावी?

आगाशीच्या विद्यार्थ्यांना अर्नाळ्याचा किल्ला अपरिचित नाही. होडीतून पलीकडे उतरावे, दरवाज्यावरील शिलालेखाची अक्षरे लावावीत, तटावर चढावे आणि भिंतीतील जंग्यांना डोळा लावून समुद्राकडे पाहावे, हा येथील सहलींचा नित्याचा क्रम आहे. इ. स. १७३७ मध्ये हे बेट मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतले व १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. सुरुंग कसे लागले, बुरूज कसा ढासळला, हेही वाचतो. परंतु जंगीमागे उभा राहिलेला एकटा शिपाई आपल्या बंदुकीत दारू किती घालीत असे आणि तेवढीच का घालीत असे, हे त्या पुस्तकात नसते. प्रश्न कोणास पोरकट भासेल. पण त्याचे उत्तर शोधू लागल्यास पदार्थविज्ञान, गणित आणि प्रयोगाची शिस्त ह्या तिघांची गाठ एकाच ठिकाणी पडते. म्हणून ह्या लेखात त्या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचे योजिले आहे.

प्रथम शब्दाचा घोळ मिटवू. दारू हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ औषध. ‘दवादारू’ ह्या आपल्या जोडशब्दात तो अर्थ अद्याप जिवंत आहे. दारूगोळा, शोभेची दारू, मुंबईतील दारूखाना, ह्या सर्व ठिकाणी मात्र अर्थ एकच, तो म्हणजे स्फोटक भुकटी. आमच्या लेखाचा संबंध तिच्याशीच आहे, हे पालकवर्गाच्या समाधानार्थ आरंभीच सांगून ठेवतो.

ही काळी दारू तीन पदार्थांची बनते. शंभर भागांत सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक. कोळसा व गंधक हे जळणारे. त्यांना जळण्यास लागणारा प्राणवायू सोऱ्यातून मिळतो. म्हणूनच बाहेरची हवा मुळीच न मिळता बंद नळीच्या तळाशी ही भुकटी जळू शकते. सतराव्या व अठराव्या शतकांत युरोपास लागणाऱ्या सोऱ्याचा फार मोठा भाग आपल्या बिहार प्रांतातून जहाजांनी जात असे. दारू जळाली, की तिचा काही भाग तप्त वायू होतो व तोच गोळीस पुढे ढकलतो; परंतु वजनाने पाहिल्यास अर्ध्याहून अधिक भाग वायू न होता काजळी व क्षार ह्यांच्या रूपाने मागे राहतो. काळा-पांढरा धूर दिसतो तो ह्याचाच, आणि नळीच्या आत चिकटून बसणारा थर तोही ह्याचाच. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

ज्या बंदुकीत नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालून ती गजाने ठासावयाची, ती ठासणीची बंदूक. जुन्या काळी बार पेटविण्यास जळता तोडा लावीत. पुढे गारेच्या ठिणगीने रंजक पेटू लागली. त्यानंतर एकोणिसाव्या शतकात तांब्याची लहान टोपी आली. पेटविण्याची रीत बदलली, ठासण्याची तीच राहिली.

ही बंदूक आता केवळ संग्रहालयातील वस्तू झाली, असे कोणी समजू नये. रानडुकरे व वानरे ह्यांच्यापासून पीक राखण्यासाठी कोकणातील कितीतरी शेतकऱ्यांच्या घरी ती परवान्याने आजही आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या रक्षणासाठी वापरावयाच्या ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेखच केलेला आहे. निवडणूक जवळ आली, की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. रानडुकरांना आचारसंहिता ठाऊक नसल्याने त्या दिवसांत शेतकऱ्यांची तक्रार ऐकू येते, आणि ती अगदीच गैरवाजवी आहे असे म्हणवत नाही.

ह्या बंदुकीतील दारू बोटांनी मोजण्याची आपल्या देशात जुनी रीत आहे. बार ठासून झाला, की गज नळीच्या तोंडाबाहेर किती बोटे उरला ते पाहावयाचे. चार बोटे उरला तर चार बोटांचा बार. रीत सोपी आहे, काळोखातही साधते, आणि एकाच माणसाच्या हातातील एकाच बंदुकीपुरती ती अगदीच निरुपयोगी नाही. परंतु बोट म्हणजे माप नव्हे. माझे बोट निराळे, तुमचे निराळे. शिवाय नळी रुंद असेल तर तितक्याच बोटांत दारू अधिक मावते, ही गोष्ट ती रीत विसरते. वृत्तचितीचे घनफळ काढण्याचे सूत्र ज्यांना येते, त्यांनी हे करून पाहावे. एका नळीचा आतील व्यास ०.७५ इंच व दुसरीचा ०.३२ इंच असल्यास तितक्याच बोटांच्या उंचीत पहिलीमध्ये दुसरीच्या सुमारे साडेपाचपट दारू बसते. बोटे तीच, बार साडेपाचपट!

म्हणून दारूच्या मापाचा अभ्यास करावयाचा तर तो रुंद नळीच्या बंदुकीवर न करता अगदी बारीक नळीच्या बंदुकीवर करणे चांगले. धान्याच्या तराजूवर गुंजभराची चूक दिसत नाही. सोनाराच्या काट्यावर ती तत्काळ दिसते. बंदुकांमधील असा सोनाराचा काटा म्हणजे उत्तर अमेरिकेतील खारीची बंदूक होय.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनी व स्वित्झर्लंड ह्या देशांतून पेनसिल्व्हेनियात जाऊन राहिलेल्या लोहारांनी व बंदूककारांनी तेथील लँकेस्टर गावाच्या आसपास एक नवी लांब बंदूक घडविली. तिच्या नळीच्या आत नागमोडी खाचा असत. अशा खाचांच्या बंदुकीस रायफल म्हणतात. गोळी त्या खाचांना धरून फिरत बाहेर पडते, आणि फिरता भोवरा जसा तोल सोडीत नाही तशी तीही आपली दिशा सोडीत नाही. ४८ इंचांत एक फेरा देणाऱ्या खाचा असल्या व गोळीचा वेग सेकंदास १,५०० फूट असला, तर ती सेकंदाला ३७५ फेरे ह्या गतीने फिरत असते. आरंभी ह्या नळ्या बऱ्याच रुंद होत्या. पुढे डोंगराळ वस्त्यांत मोठी जनावरे कमी झाली, खार हे गरिबांच्या घरचे नित्याचे मांस झाले, आणि नळी अरुंद होत होत ०.३६, ०.३२ इंच व त्याहूनही बारीक झाली. तेथील करडी खार आपल्या वाडीतल्या केळी-नारळींवरून पळणाऱ्या खारीसारखी मूठभर नसते. ती सुमारे एक रत्तल वजनाची असते. ह्या बंदुका बाळगणाऱ्या शेतकऱ्यांची नेमबाजी इतकी विख्यात होती, की १८६२ साली सिनसिनाटी शहरावर हल्ल्याचे भय उत्पन्न झाले तेव्हा ओहायो प्रांतातून धावून आलेल्या हजारो स्वयंसेवकांना ‘खारीचे शिकारी’ हेच नाव पडले.

येथे विद्यार्थ्यांस एक गोष्ट बजावून सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे शेकरू म्हणजे मोठी खार हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. भीमाशंकरच्या रानात तो आढळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार निषिद्ध आहे. ह्या लेखातील खार अमेरिकेतील असून बंदूक केवळ अभ्यासाचे साधन आहे. लक्ष्य कागदाचे आहे असे समजूनच पुढील मजकूर वाचावा.

आता बारीक नळी का, हे अंकांनी पाहू. बंदुकीच्या व्यवहारात वजन ‘ग्रेन’ ह्या मापाने सांगतात. ७,००० ग्रेनांचा एक पौंड. आपल्या जुन्या मापांशी त्याचा मेळ फार सोयीचा बसतो, कारण एका तोळ्याचे बरोबर १८० ग्रेन होतात. तोळ्याच्या ९६ गुंजा धरल्यास एक गुंज म्हणजे पावणेदोन ग्रेनांहून किंचित अधिक. ०.३१ इंच व्यासाची शिशाची गोळी सुमारे ४५ ग्रेन भरते. जुन्या इंग्रज पलटणीच्या रुंद बंदुकीची ०.६९ इंच व्यासाची गोळी सुमारे ४९३ ग्रेन भरते. म्हणजे एक पौंड शिशात पलटणीच्या शिपायास १४ गोळ्या मिळत, तर खारीच्या बंदुकीस १५५. बाजारापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या कुटुंबास ह्या दोन अंकांतील फरक किती मोलाचा होता, हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दारूचेही तसेच. २० ग्रेनांचा एक बार धरला, तर एका तोळ्यात नऊ बार.

तर मग २० च का? २५ का नको? ३० घातली तर गोळी अधिक जोराने जाणार नाही काय?

जाईल, पण आपण समजतो तितकी नव्हे, आणि जोराने गेली म्हणून नीट जाईल असेही नव्हे. ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या असून लोकांच्या बोलण्यात त्यांची नेहमी गल्लत होते. ‘दारू जास्त तर मार जास्त’ हा समज आमच्याकडेही आहे आणि अमेरिकेतही होता. तो कोठे तुटतो हे पाहण्यासाठी क्रमाने जाऊ.

दारूत साठविलेली शक्ती तिच्या वजनाच्या प्रमाणात असते. ती सर्वच्या सर्व गोळीस मिळाली असे क्षणभर धरले, तरी गोळीची गतिज शक्ती तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे, दारू दीडपट केल्यास वेग दीडपट न होता दीडच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १.२२ पट होतो. प्रत्यक्षात तोही मिळत नाही. दारूचा राखरूपी भाग व वायू ह्यांनाही नळीतून ढकलावे लागते. पुष्कळशी उष्णता नळीचे लोखंड शोषून घेते. आणि नळी आखूड असल्यास काही दारू तोंडाबाहेर जाऊन जळते. रात्री बार काढल्यास मोठी ज्वाळा दिसते, ती पाहून लोक खूश होतात. परंतु त्या ज्वाळेचा गोळीस काडीचाही उपयोग नाही.

बाहेर पडल्यावर हवा आडवी येते. येथे लहान गोळीची स्थिती विशेष नाजूक आहे. गोलाचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते व हवेस भिडणारे क्षेत्रफळ वर्गाच्या. पलटणीच्या गोळीचा व्यास आपल्या गोळीच्या सव्वादोनपटीच्या किंचित आत आहे. म्हणून तिचे वजन अकरापट, पण तिला आडवी येणारी हवा केवळ पाचपट. उलट पाहिले, तर तितक्याच वेगाने निघालेल्या दोन गोळ्यांपैकी लहानीचा वेग मोठीच्या दुपटीहून अधिक त्वरेने घटतो. शिवाय आवाजाच्या वेगापलीकडे, म्हणजे सेकंदास सुमारे १,१०० फुटांपलीकडे गेल्यावर हवेचा विरोध एकाएकी फार वाढतो. अधिक दारू घालून मिळविलेला वेग असा पहिल्या काही पावलांतच खर्ची पडतो.

हवेचा हा विरोध इतका मोठा असेल, हे एके काळी विद्वानांनाही खरे वाटत नव्हते. इंग्लंडातील बेंजामिन रॉबिन्स नावाच्या गणितज्ञाने १७४२ साली तोफशास्त्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध करून तो सिद्ध केला. महान गणिती ऑयलर ह्याने त्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले, ह्यावरून त्याची योग्यता कळून येईल. पुढे रॉबिन्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेस असलेल्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. त्याची युक्ती आपल्या पदार्थविज्ञानाच्या वर्गात बसणारी आहे. एक जड लाकडी ठोकळा लोलकासारखा टांगावयाचा आणि त्यात गोळी मारावयाची. गोळी रुतली, की ठोकळा मागे झोका घेतो. झोका मोजला की गोळीचा वेग निघतो. धावणाऱ्या गोळीमागे डोळ्यांनी धावण्याची आवश्यकताच उरत नाही.

उदाहरण घेऊ. ठोकळा १० पौंडांचा, म्हणजे ७०,००० ग्रेनांचा असून तो ६ फूट लांबीच्या दोऱ्यांनी टांगला आहे. ४५ ग्रेनांची गोळी त्यात रुतली व तो ५ इंच मागे गेला. ५ इंच मागे जाताना तो वर किती चढला? ५ चा वर्ग २५, त्यास दोऱ्याच्या लांबीच्या दुपटीने म्हणजे १४४ इंचांनी भागावे, सुमारे ०.१७ इंच. इतकी उंची चढण्यास आरंभीचा वेग सेकंदास ०.९६ फूट लागतो, हे पतनाच्या नियमावरून निघते. आता संवेग कायम राहतो ह्या नियमाने, ठोकळा गोळीपेक्षा जितके पट जड, तितके पट गोळीचा वेग ठोकळ्याच्या वेगाहून अधिक. ७०,०४५ भागिले ४५, गुणिले ०.९६, उत्तर सेकंदास सुमारे १,५०० फूट. आज हेच काम विजेच्या साधनाने क्षणात होते, तरी लोलकाची रीत ज्याने एकदा हाताने सोडविली त्यास संवेग म्हणजे काय हे पुन्हा शिकवावे लागत नाही, असा आमचा अनुभव आहे.

इतका वेळ जोराचा विचार झाला. आता नीटपणाचा करू. मूळ प्रश्नाचे उत्तर ह्याच भागात आहे.

गोळी नळीहून किंचित लहान असते व ती तेलकट चिंधीत गुंडाळून ठासतात. चिंधी खाचांत घट्ट बसते, मागील वायू अडवून धरते आणि गोळीस फिरविते. दारू कमी पडली तर दर बाराचा वेग थोडाथोडा निराळा येतो. गोळ्या वरखाली पडतात. ह्यासच आपण फुसका बार म्हणतो. दारू फार झाली तर चिंधी जळते वा फाटते, वायू कडेने निसटतो, गोळी खाचा सोडून घसरते, आणि मग ती कोठे जाईल ह्याचा नेम नाही. ह्या दोन टोकांमध्ये कोठेतरी असे एक माप असते, की ज्याने त्या विशिष्ट बंदुकीच्या गोळ्या एकमेकींच्या अगदी जवळ पडतात. ते माप सूत्राने निघत नाही. एकाच कारागिराने एकाच आठवड्यात घडविलेल्या दोन नळ्यांचेही ते एक असेल असे नाही. बंदुकीलाच विचारावे लागते.

विचारावयाचे कसे? जुन्या लोकांचे दोन आडाखे होते. एक असा, की तळहातावर गोळी ठेवावी आणि ती झाकून जाईल इतकी दारू तीवर ओतावी. दुसरा असा, की नळीचा व्यास इंचाच्या जितके शतांश, तितके ग्रेन दारू, ०.३२ च्या नळीस ३२ ग्रेन. दोन्ही आडाखे वाईट नाहीत, पण ते शोधाचा आरंभ होत, शेवट नव्हेत. आणि खारीच्या बंदुकीस दुसरा आडाखा बहुधा जास्तच पडतो. समंजस लोक ०.३२ च्या नळीस १५ ग्रेनांपासून आरंभ करून वर चढत आणि ३० च्या आत थांबत. बनविणाराने जी कमाल मर्यादा सांगितली असेल ती ओलांडावयाची नाही, हा नियम सर्वांच्या वरचा. त्याचप्रमाणे बारीक नळीस बारीक दाण्याची काळी दारूच योग्य. आधुनिक काडतुसातील धूररहित दारू ठासणीच्या बंदुकीत घातल्यास नळी फुटून माणूस मरण्याचा संभव असतो. गोळी दारूवर टेकलेली नसून मध्ये पोकळी राहिली, अथवा चुकून दोन बार एकावर एक ठासले गेले, तरीही तोच धोका. त्यासाठी गजावर खूण करून ठेवण्याची चाल आहे. खूण तोंडाशी आली तर सर्व ठीक.

प्रयोग असा. बंदूक हातात न धरता वाळूच्या पिशव्यांवर टेकवावी. लक्ष्य २५ यार्डांवर लावावे. दारू एकाच डब्यातील, गोळ्या एकाच साच्यातील, चिंधी एकाच कापडाची, तेल एकच. माप पितळी नळकांड्याचे असावे; ते दर वेळी सारखेच भरावे, सारखेच ठोकावे, तोंडाशी सारखेच कापावे. १५ ग्रेनांचे पाच बार काढून पाच भोकांतील सर्वांत दूरच्या दोहोंमधील अंतर मोजावे व वहीत लिहावे. नंतर १८, मग २१, याप्रमाणे. दर बारानंतर नळीतून ओलसर फडके फिरवावे. मागे सांगितलेली काजळी येथे आडवी येते. रुंद नळीत तिचा थर जाणवत नाही. बारीक नळीत दोन-चार बारांतच गोळी ठासणे जड होते आणि मग जो फरक पडतो तो दारूचा की काजळीचा, हे कळेनासे होते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या सर्व तशाच ठेवाव्यात, हा प्रयोगशाळेतील नियम येथे जसाच्या तसा लागू आहे. दारूही बदलली, चिंधीही बदलली, आणि गोळ्या जवळ पडल्या, तर आनंद मानावा. ज्ञान मात्र काही मिळाले नाही.

केवळ समजुतीसाठी काही अंक कल्पू. १५ ग्रेनांस पसारा अडीच इंच. १८ ला पावणेदोन. २१ ला एक. २४ ला सव्वा. २७ ला सव्वादोन. उतावळा मनुष्य वही मिटून म्हणेल, माप २१. विचारी मनुष्य येथे थबकतो. पाच बारांचा पसारा हा काही अंशी दैवाचा खेळ आहे. नाणे पाच वेळा उडविले व चार वेळा छापा पडला, म्हणून ते नाणे खोटे ठरत नाही. २१ चा एक इंच व २४ चा सव्वा इंच ह्यांतील पाव इंचाचा फरक दारूमुळे पडला की योगायोगाने, हे एका फेरीवरून सांगता यावयाचे नाही. म्हणून २० पासून २४ पर्यंतची मापे दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावीत, शक्य तर क्रम उलटा करून. कारण सकाळी पहिले व दमल्यावर शेवटचे, असे नेहमी झाले तर शेवटच्या मापावर विनाकारण अन्याय होतो. पुन्हा तीच मापे सरस ठरली तर विश्वास ठेवावा. दोन शेजारची मापे सारखीच चांगली निघाली तर त्यांतील लहान घ्यावे. तेवढीच दारू वाचते व खांद्यालाही धक्का कमी.

आणखी एक गल्लत फार होते. पाचही भोके एका रुपयाखाली झाकली जावीत इतकी जवळ पडली, पण मध्यबिंदूपासून तीन इंच डावीकडे. पुष्कळांचा कल असे माप वाईट समजून टाकून देण्याकडे असतो. वस्तुतः ते उत्तम माप आहे. पसारा हा दारूचा प्रश्न; जागा हा माशीचा प्रश्न. नळीच्या टोकावरची माशी किंचित सरकविली, की तो पुंजका मध्यावर येतो. उलट मध्यबिंदूच्या भोवती चारी बाजूंस विखुरलेली भोके कितीही माशी सरकविली तरी जवळ येणार नाहीत. आमचे कित्येक विद्यार्थी भौतिकशास्त्राच्या परीक्षेत ‘अचूकता’ व ‘काटेकोरपणा’ ह्यांतील भेद पाठ करून लिहितात. त्यांनी हे दोन कागद डोळ्यांसमोर आणावेत.

चिंध्यांची साक्षही घ्यावयाची असते. बार झाल्यावर त्या नळीपुढे काही पावलांवर पडतात. चिंधी मधोमध काळसर, बाजूस धुरकट, पण अखंड असली म्हणजे सर्व ठीक. मध्ये जळून भोक पडले असेल तर दारू अधिक आहे किंवा कापड पातळ आहे. सरळ रेषेत कापली गेली असेल तर दोष दारूचा नसून नळीच्या तोंडाशी असलेल्या तीक्ष्ण कडेचा आहे. कागदावरचे भोक केवळ परिणाम सांगते. ही टाकाऊ चिंधी कारण सांगते. म्हणून जाणता मनुष्य लक्ष्याकडे धाव घेण्यापूर्वी वाकून चिंध्या वेचतो.

खारीच्या शिकाऱ्यास ह्या सर्व खटाटोपाची गरज का पडे, हेही स्पष्ट आहे. बार मोठा झाला तर लहानग्या प्राण्याच्या मांसाच्या चिंध्या होत व घरी नेण्यास काही उरत नसे. गोळी दोन इंच चुकली तर प्राणी जखमी होऊन ढोलीत मरे, ते तर दुप्पट वाईट. पक्ष्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध झालेला निसर्गशास्त्रज्ञ ऑड्युबन ह्याने केंटकी प्रांतातील एक रीत नमूद करून ठेविली आहे. त्या रीतीने खारीस गोळी मारीतच नसत. ती ज्या फांदीवर बसली असेल तिची साल नेमकी तिच्या पोटाखाली गोळीने उडवीत आणि त्या धक्क्यानेच ती पडे. असा नेम साधण्यास हात तर हवाच. पण आज घातलेली दारू कालच्या इतकीच असल्याची खात्रीही हवी.

कालच्या इतकी, ह्या शब्दांत आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांसाठी एक वेगळी अडचण दडलेली आहे. काळी दारू ओल धरते. वैशाखात ठरविलेले माप आषाढात तेच काम करील असे नाही. दमट दारू सावकाश जळते व तितक्याच ग्रेनांत जोर कमी मिळतो. आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरील दारूखाना घरांपासून दूर असावा, दारू सर्द होऊ देऊ नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशी ताकीद आहे. अर्नाळ्यासारख्या चहूकडून खाऱ्या पाण्याने वेढलेल्या जागी हे काम किती वेळा करावे लागत असेल, ह्याची कल्पना येथील रहिवाशांस सहज येईल. आपल्या घरातील मिठाची बरणी पावसाळ्यात कशी पाझरते ते आपण पाहतोच. नळीत उरलेले क्षारही तशीच ओल ओढून घेतात. म्हणून बार काढलेली बंदूक त्याच दिवशी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेलाचा हात देऊन ठेवतात. आळस केल्यास थोड्याच दिवसांत नळी तांबेऱ्याने खरखरीत होते, आणि खरखरीत नळीचे माप पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागते.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी तीन उदाहरणे देऊन ठेवतो. ०.३६ च्या बंदुकीची गोळी ६५ ग्रेनांची असते. (१) एक पौंड शिशात अशा किती पूर्ण गोळ्या होतील? (२) २४ ग्रेनांचा बार धरल्यास दोन तोळे दारूत किती बार होतील? (३) वर वर्णिलेल्या १० पौंडांच्या ठोकळ्यात ही गोळी रुतली असता तो ६ इंच मागे गेला, तर गोळीचा वेग किती? तिसरे उदाहरण सोडविताना इंच व फूट ह्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. बहुतेकांचे उत्तर तेथेच चुकते.